तिसऱ्या रकान्यातला मास्तर

मी पेशाने इतिहासकार नाही. दर्यापुरात एका अडत दुकानात हिशेब लिहिण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली. कापूस, तूर, मूग यांची आवक आणि पट्टी लिहिता लिहिता वाचनाचा नाद लागला आणि त्यातून जुन्या कागदांचा. या धंद्याने मला एक खोड लावली. कुठलाही तक्ता हाती आला की नजर आकड्यांआधी रकान्यांवर जाते. कोणते रकाने आखले आहेत आणि कोणता आखायचा राहून गेला, हे मी आधी पाहतो.

गडचिरोलीतल्या नक्षलवादी संघर्षाची जी आकडेवारी वर्षानुवर्षे छापून येते, तिच्यात मृतांचे रकाने तीन असतात: सुरक्षा दलांचे जवान, नक्षलवादी आणि नागरिक. पोलीस पाटील, सरपंच, 'खबरी' म्हणून रात्री घरातून उचलून नेलेला शेतकरी, भूसुरुंगात सापडलेला गाडीचा चालक, हे सगळे तिसऱ्या रकान्यात. शाळामास्तराच्या जिवाचे काही बरेवाईट झाले, तर तोही याच रकान्यात जातो. तो तिथे गेला की त्याची ओळख पुसली जाते. तो गुरुजी होता म्हणून मारला गेला की त्या वाटेने चालला होता म्हणून, हे त्या तक्त्यावरून कधीच कळत नाही. सशस्त्र संघर्षाच्या मुलखात शिक्षकावर हिंसा का होते, या प्रश्नाकडे मी वळलो तो या न आखलेल्या रकान्यामुळे. आणि एका वहीमुळे.

ही वही माझ्या मावसभावाची. १९९१ साली तो जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक म्हणून एटापल्ली तालुक्यात रुजू झाला. त्या काळी आमच्याकडची डी. एड. झालेली पुष्कळ पोरे अशीच चांद्याकडे, गडचिरोलीकडे गेली. दर्यापूरहून एसटीने अमरावती, मग नागपूर, चंद्रपूर, आलापल्ली, आणि पुढे रस्ता संपेल तिथून पायी. २००४ मध्ये आंतरजिल्हा बदली मिळून भाऊ परत आला. त्या तेरा वर्षांविषयी तो फारसे बोलला नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्या पेटीत सेवेचे कागद होते, पगाराच्या चिठ्ठ्या होत्या आणि दोनशे पानांची एक वही होती. तिच्यात त्याने स्वतःसाठी पोरांच्या हजेरीची नक्कल ठेवली होती. शाळेतला सरकारी हजेरीपट निराळा. हा त्याचा खासगी.

वहीत पोरांची पूर्ण नावे नाहीत. हाकेचे नाव आणि पुढे खुणा. बापाचे नाव, आडनाव, टोला काही नाही. शाळेतल्या पटावर हे सारे लिहावेच लागते. मग स्वतःच्या वहीत का टाळले असेल? उत्तर मला फार उशिरा सुचले.

दरवर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक पान कोरे आहे. २८ जुलै ते ३ ऑगस्ट. हा नक्षलवाद्यांचा 'शहीद सप्ताह'. २८ जुलै १९७२ रोजी चारू मजुमदार यांचा कोलकात्यात पोलीस कोठडीत मृत्यू झाला, त्याची ही आठवण. २००१ पासून डिसेंबरचा पहिला आठवडाही कोरा दिसतो. २ डिसेंबर २००० रोजी पीपल्स वॉरने आपले गनिमी सैन्य उभे केले आणि त्याचा सप्ताह पुढल्या वर्षापासून पाळला जाऊ लागला. इतिहासाच्या पुस्तकात ज्या तारखा वाचाव्या लागतात, त्या एका खेड्यातल्या पोरांच्या गैरहजेरीत उमटलेल्या आहेत. १५ ऑगस्टच्या चौकटीत मात्र भावाने दर वर्षी दोन खुणा केल्या आहेत, एक भरीव आणि एक पोकळ. त्यांचा अर्थ मी त्याच्या हयातीत विचारला असता तर आज बरे झाले असते.

तो बोलला ते एवढेच. रात्री जंगलातले लोक यायचे. त्या भागात त्यांना 'दादा' म्हणतात. ते विचारत, गावातून बाहेर कोण गेले होते, ठाण्याकडे कोण दिसले. दुसऱ्या दिवशी पोलीस यायचे आणि विचारायचे, रात्री कोण आले, कोणाकडे जेवले. दोघांचाही हिशेब एकच, की मास्तरला माहीत असणार. लिहिता-वाचता येणारा, बाहेरचा आणि रोज गावाची मोजणी करणारा गावात तोच एक. भाऊ दोघांनाही एकच उत्तर द्यायचा, ते मला पाठ आहे : "मी पोट्ट्यायची हजेरी घेतो बापा, मोठ्यायची नाई."

या एका वाक्यावर त्याने तेरा वर्षे काढली. सगळ्यांना ते जमले नसेल.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या आधीच, १९८० मध्ये, पीपल्स वॉरची पहिली दलमे गोदावरी ओलांडून सिरोंच्यात आली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेद्दी शंकर हा त्यांचा तरुण कार्यकर्ता सिरोंचा तालुक्यात पोलिसांच्या गोळीने मेला. त्या पहिल्या वर्षांत दलमांना गावात थारा मिळाला, त्याची कारणे खरी होती. तेंदूपत्त्याची मजुरी नगण्य होती, बांबूतोडीची तशीच. वनरक्षकाचा जाच होता. आणि मास्तर शाळेत येत नाही, ही तक्रारही होती. ती लपवण्यात अर्थ नाही. माडिया बोलणारी पोरे, पुस्तक मराठीत, आणि गुरुजी महिन्यातले पंधरा दिवस तालुक्याच्या गावी, असे पुष्कळ ठिकाणी होते. सारे शिक्षक संत होते असे मी म्हणत नाही. पण कामचुकार नोकराला शिक्षा करायला खाते असते. बंदूक त्या जागी आली की ती फक्त कामचुकारालाच शोधत नाही, हे पुढे दिसले.

पुढे म्हणजे १९९० नंतर. त्या वर्षाच्या अखेरीस गडचिरोली पोलिसांनी सी-६० हे खास पथक उभे केले आणि संघर्षाला दोन तुल्यबळ बाजू आल्या. गाव मध्ये सापडले आणि गावातही मास्तर अधिक सापडला. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला तिरंगा फडकवणे हे त्याचे सरकारी कर्तव्य. त्याच दिवशी काळा झेंडा लावा, असे फर्मान जंगलातून यायचे. दोन झेंडे आणि एक खांब. निवडणूक आली की मतदान केंद्र शाळेत आणि मतदान अधिकारी बहुतेक वेळा शिक्षकच. तिकडे मतदान दुपारी तीन वाजता संपवतात. कित्येक पथके हेलिकॉप्टरने तळावर सोडतात आणि तिथून पुढे पायी नेतात. मतदानावर बहिष्काराचे पत्रक झाडाला चिकटवलेले असते. ज्याने काल बाराखडी शिकवली, तोच आज पोलिसांच्या पहाऱ्यात पेटी घेऊन येतो आणि परवा पुन्हा एकटा, पहाऱ्याशिवाय, त्याच वाटेने शाळेला जातो.

इंद्रावतीपलीकडे, बस्तरात, हे सगळे अधिक उघडे होऊन दिसले. जून २००५ मध्ये तिथे सलवा जुडूम सुरू झाले. गावेच्या गावे छावण्यांत हलवली गेली. सुरक्षा दले शाळांच्या पक्क्या इमारतींत उतरली आणि माओवाद्यांनी शाळांच्या इमारती उडवल्या. 'त्यात पोलीस राहतात' हे कारण. पोलीस राहत नव्हते तिथेही 'उद्या राहतील' हे कारण पुरले. बिहार-झारखंडातही हेच चालले होते. ह्यूमन राइट्स वॉचने २००९ मध्ये दोन्ही बाजूंचा दोष दाखवणारा अहवाल त्यावर काढला. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर आणि इतरांच्या याचिकेवर निकाल देताना आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका देणे घटनाबाह्य ठरवले. शाळा आणि आश्रमशाळा सुरक्षा दलांनी रिकाम्या कराव्यात, असेही न्यायालयाने त्या खटल्यात बजावले होते. इमारतीचा प्रश्न असा निदान न्यायालयापर्यंत पोचला. इमारतीतल्या माणसाचा पोचला नाही.

त्या माणसाचे काय होते, ते २०२५ मध्ये दिसले. बंद पडलेल्या शाळा छत्तीसगड सरकारने पुन्हा उघडल्या आणि त्याच गावांतल्या शिकलेल्या तरुणांना मानधनावर 'शिक्षादूत' नेमले. हे बाहेरचे नव्हते. भाषा तीच, जात तीच, घर त्याच पाड्यावर. जुलै २०२५ मध्ये गडचिरोलीला लागून असलेल्या विजापूर जिल्ह्यात, फरसेगड भागात, दोन शिक्षादूत माओवाद्यांनी मारले. ऑगस्टच्या अखेरीस सुकमा जिल्ह्यातल्या सिलगेरला आणखी एक. आरोप नेहमीचाच, पोलिसांचा खबरी. मास्तर बाहेरचा असतो, त्याला गावाची कळकळ नसते, म्हणून राग, हे जे १९८० चे कारण होते, ते इथे उरलेच नाही. म्हणजे राग मास्तराच्या वागण्यावर नव्हता. तो त्याच्या जागेवर होता. गावाची यादी ज्याच्या हाती, तो संशयित.

भावाने आपल्या वहीत आडनावे का लिहिली नाहीत, याचे उत्तर मला इथे मिळाले. ती वही कोणाच्याही हाती पडली असती, तरी तिच्यावरून एकही घर शोधता आले नसते.

हे दुखणे आपल्याकडे नक्षलवाद्यांबरोबर आले, असे मानायचे कारण नाही. माझे आजोळ उमरखेडचे, यवतमाळ जिल्ह्यातले, पैनगंगेच्या अलीकडचे. पलीकडे हदगाव, म्हणजे तेव्हाचे निजामाचे राज्य. कागदावर पाहिले तर वऱ्हाडही निजामाचेच होते. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांकडे आले, १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने गेले, आणि १९३६ नंतरही निजामाचा वारस 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवत होता. पण नदीच्या दोन काठांवरची शाळा एक नव्हती. इकडे मराठी शाळा निर्धोक चालत. तिकडे सरकारी शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि खासगी शाळा काढायला सरकारची पूर्वपरवानगी लागे. मराठी शिकवणारा मास्तर हा तिकडे आपोआप राजकीय माणूस ठरत होता.

हैदराबाद संस्थानातल्या लढ्याचे नेतृत्व शाळांतून निघाले, हा योगायोग नव्हता. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे आणि नंतर मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, शाळेचे मुख्याध्यापक. त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे हेही शिक्षकच. १९३८ च्या सत्याग्रहात स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच वर्षी 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढले गेले आणि त्यांतले पुष्कळ आमच्याकडे, नागपूर विद्यापीठात, शिकायला आले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. १९४७-४८ मध्ये कासिम रझवीच्या रझाकारांनी गावे धरली तेव्हा तिकडची माणसे नदी ओलांडून वऱ्हाडात येऊ लागली. उमरखेडला स्टेट काँग्रेसचा तळ होता. माझी आई तेव्हा आठ वर्षांची. तिची आठवण अशी : "मास्तर रातच्याले आला होता. पाटी नाई, पेन्शिल नाई. आमच्या ओसरीवर भिताडावर कोयशानं लिवे अन् आमाले शिकवे." तो कोण, कुठल्या गावचा, हे तिला माहीत नव्हते. पळून येताना त्याने काय आणले, असे मी विचारले. ती म्हणाली, काही नाही, आणि त्याने शाळेची कागदे येताना जाळली होती, असे मोठी माणसे बोलत.

तेव्हा मला ते विचित्र वाटले होते. आता वाटत नाही. रझाकारांच्या हाती पडू नये अशी गावची सर्वांत धोक्याची वस्तू म्हणजे कोणाचे पोर मराठी शाळेत जाते, याची यादी.

लिहिणाऱ्यावर राग किती असतो, हे त्याच ऑगस्टात हैदराबाद शहरात दिसले. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हावे असे लिहिले होते. २२ ऑगस्ट १९४८ च्या सुमारास त्यांचा खून झाला आणि मारेकऱ्यांनी त्यांचा हात तोडला. तो हात लिहिणारा होता. आणि पुढल्याच महिन्यात पोलीस कारवाई संपल्यावर वारे उलटे फिरले. पंडित सुंदरलाल समितीच्या अंदाजाप्रमाणे सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, बहुतेक मुसलमान. पैनगंगेच्या अलीकडे बसून लिहिणाऱ्याने हा आकडा गाळू नये. एका बाजूच्या मेलेल्यांची यादी ठेवायची आणि दुसऱ्या बाजूची जाळायची, हा हिशेब नव्हे.

जगभर नजर टाकली तरी धागा हाच लागतो. स्पेनमध्ये १९३४ साली अंतोनी बेनाइजेस नावाचा कातालान शिक्षक बुर्गोस प्रांतातल्या एका छोट्या गावात आला. त्याने स्वतःच्या पैशाने लहानसे छापयंत्र आणले आणि पोरांचे लिखाण पोरांकडूनच छापून घेऊ लागला. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. समुद्र कसा असेल, यावर त्यांनी एक पुस्तिका छापली. उन्हाळ्यात तुम्हाला समुद्र दाखवतो, असे त्याने सांगितले होते. जुलै १९३६ मध्ये यादवी सुरू झाली आणि त्याच महिन्यात फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी त्याला गोळ्या घातल्या. पोरांना समुद्र दिसला नाही. तो शिकवत होता एवढ्याने नव्हे, पोरांनी लिहिलेले बाहेर जात होते म्हणून तो खटकला.

मोजणीचे दोन दाखले मात्र वेगळे आहेत. बांगलादेशाने १९७१ नंतर मारल्या गेलेल्या बुद्धिजीवींची गणती व्यवसायवार केली. तिच्यात ९९१ शिक्षणक्षेत्रातले, ४९ वैद्य, ४२ वकील, १३ पत्रकार असे आकडे आहेत. १४ डिसेंबर हा दिवस ते दर वर्षी पाळतात. नायजेरियात बोको हरामच्या हिंसाचारात २००९ पासून निदान ६११ शिक्षक मारले गेले आणि एकोणीस हजार पळाले, असे ह्यूमन राइट्स वॉचने २०१६ मध्ये नोंदवले. हे आकडे कमी-जास्त असू शकतात, त्यावर वाद होऊ शकतो. पण वाद घालायला आधी रकाना लागतो. तो तिथे आखला गेला.

आपल्याकडे तो न आखण्याचे एक कारण कायद्यातच आहे, असे मला वाटते. शिक्षणहक्क कायदा, २००९, कलम २७ : शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. अपवाद तीन : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. दर्यापूरला हे तिन्ही अपवाद कटकटीचे आहेत, पण जिवावरचे नाहीत. भामरागडला किंवा एटापल्लीला त्यांतले पहिले आणि तिसरे म्हणजे नेमके तेच काम, ज्यामुळे तो शिक्षक न राहता 'सरकारचा माणूस' आणि 'यादीवाला' होतो. दुसऱ्या बाजूला, मे २०१५ मध्ये ऑस्लोत 'सुरक्षित शाळा जाहीरनामा' झाला आणि शंभराहून अधिक देशांनी तो मानला. शाळा लष्करी वापरासाठी घेऊ नयेत, यावरही त्याचा भर आहे. हे हवेच. पण शाळेत जवान राहणे आणि शिक्षकाच्या हाती मतदारयादी देणे, यांत गावकऱ्याच्या आणि बंदूकवाल्याच्या डोळ्यांना फार फरक दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग तिकडे जनगणना करायची नाही काय, मतदान घ्यायचे नाही काय? घ्यायचेच. मत आणि मोजणी हा तिथल्या माणसाचाही हक्क आहे. माझे म्हणणे एवढेच की, संघर्षाच्या तालुक्यांत हे काम त्याच गावच्या मास्तराकडे देऊ नये. महसूल खाते आहे, दुसऱ्या तालुक्यातले कर्मचारी आहेत. २०२७ च्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च आहे. प्रगणकांच्या याद्या करताना एवढी एक ओळ घालणे अवघड नाही.

आणि दुसरे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुकांचा आवाज उतरणीला लागला आहे. आता पंचेचाळीस वर्षांचा हिशेब लिहिला जाईल. पोलिसांचा त्यांच्या स्मारकांवर, माओवाद्यांचा त्यांच्या पत्रकांत. मास्तरांचा हिशेब कागदोपत्री असतोच. प्रत्येक शिक्षकाचे सेवापुस्तक असते, त्यात नोकरी कोणत्या तारखेला आणि का संपली, याची नोंद असते. ती पुस्तके एकत्र वाचली तर न आखलेला रकाना भरता येईल. पण सेवापुस्तकात धाक लिहिलेला नसतो. रात्री झालेली चौकशी नसते, सोडून दिलेली शाळा 'विनंती बदली' म्हणून येते. ते माणसांनीच सांगावे लागेल.

आमच्या तालुक्यात, आणि अकोला, यवतमाळ, वर्धा जिल्ह्यांत, तिकडे नोकरी करून आलेले शेकडो निवृत्त शिक्षक आहेत. दिवाळीला घरी पोरे-नातवंडे जमतात. दोन पाने लिहावीत. कोणत्या गावी होतो, शाळा किती दिवस बंद राहिली, कोणी काय विचारले, आपण काय उत्तर दिले. माणसांची नावे टाळा, हरकत नाही. माझ्या भावाने टाळली होती. तारखा मात्र लिहा.

त्याची वही मी जपून ठेवली आहे. शेवटच्या पानावर जून २००४ ची हजेरी आहे. अठरा पोरे, सतरा हजर. एक नाव खोडलेले आहे आणि पुढे बारीक अक्षरात लिहिले आहे, 'गेला'. कुठे गेला, ते लिहिलेले नाही.